खाली दुकान, वर बिऱ्हाड : जुन्या पेठेतल्या रस्त्याचा आराखडा रहिवाशांनी कसा करावा

सकाळी साडेसात वाजता, दुकानांची शटर वर जायच्या आधी, दोन माणसं तिपाईवर यंत्र लावून रस्त्याची मोजणी करताना दिसतात. दुपारपर्यंत चार भिंतींवर लाल खुणा उमटलेल्या असतात. संध्याकाळी चहाच्या टपरीवर बातमी येते की रस्ता रुंद होणार. कुणी म्हणतं नऊ मीटर, कुणी म्हणतं बारा. वाड्याचे मालक एफएसआयचा, म्हणजे चटईक्षेत्राचा, हिशेब मांडू लागतात. वरच्या माडीवरचे भाडेकरू जुन्या भाडेपावत्या शोधायला ट्रंक उघडतात. कोपऱ्यावरची गजरेवाली मावशी गप्प राहते, कारण तिच्याकडे शोधायला पावतीच नसते.

पुण्याच्या पेठा, कोल्हापूरचा महाद्वार रोड, नाशिकचा मेन रोड, मुंबईतलं गिरगाव, कुठल्याही जुन्या गावभागात राहणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. लाल खूण उमटल्यावर मात्र रस्त्याच्या हातात हरकत घेण्यापलीकडे फार काही उरत नाही. म्हणून हा लेख खूण उमटण्याच्या आधीच्या काळाबद्दल आहे. तुमच्या रस्त्याबद्दल कुणी काही ठरवण्याआधी तुम्ही मिळून काय करू शकता, कोणत्या क्रमाने, आणि कुठे बहुतेक जण चुकतात, ते सांगायचं आहे. पुण्याचा मध्यवर्ती भाग मला जवळून माहीत असल्याने उदाहरणं मुख्यतः तिथली आहेत.

जपायचं काय, हे आधी ठरवा

जुना रस्ता म्हटलं की चर्चा लगेच लाकडी कोरीवकामावर, कमानींवर, दर्शनी भागावर जाते. त्याचं मोल आहेच. पण पेठेतल्या रस्त्याचा जीव दर्शनी भागात नसतो. खाली दुकान, मागे कारखाना किंवा गोडाऊन, वर बिऱ्हाड, शेजारी देऊळ, समोर शाळा, या एकमेकांत गुंतलेल्या वापरात तो असतो. लक्ष्मी रोडवर अलका टॉकीज चौकापासून क्वार्टर गेटकडे चालत जा. साड्यांची आणि सराफांची दुकानं दिसतात, हुजूरपागेच्या मुली शाळेत जाताना दिसतात, दुकानांच्या वर कुणाचे कपडे वाळत असतात. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचा बाजार आहे तो आसपासच्या शाळा-कॉलेजांच्या आधाराने. कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याची भांडी घडवणारी घरं कारखान्याला लागूनच आहेत. घर आणि हातोडा वेगळे करा, ती आळी फक्त नावाला उरेल.

माझं स्पष्ट मत आहे की पुनर्विकासात सर्वांत आधी जपायची गोष्ट म्हणजे वरची बिऱ्हाडं. ती गेली की माड्यांची गोडाऊन होतात. जुन्या लाकडी तुळयांवर मालाचं ओझं येतं, आगीचा धोका वाढतो, आणि रात्री नऊनंतर रस्त्यावर पाहणारा एकही डोळा उरत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतली कितीतरी कुटुंबं गोखलेनगर, लोकमान्यनगरसारख्या वसाहतींत गेली. पुराने एका दिवसात जे केलं ते आज हळूहळू होत आहे. मुलं उपनगरात फ्लॅट घेतात, आईवडील माडीवर राहतात, जिना चढवत नाही म्हणून एक दिवस तेही जातात. त्यामुळे आराखड्यातला तुमचा पहिला प्रश्न इमारत किती मजल्यांची होणार हा नसावा. आज इथे राहणाऱ्यांतले किती जण पुन्हा इथेच राहायला येतील, हा असावा.

वही, टेप आणि भिंतीवरचा नकाशा

काम चौक ते चौक घ्या. तीनशे ते चारशे मीटरचा पट्टा पुरे. त्याहून लांब घेतला तर उत्साह दुसऱ्या महिन्यात ओसरतो. नगर भूमापन कार्यालयातून त्या भागाचा नकाशा घ्या, मोठा करून घ्या आणि मंडळाच्या किंवा देवळाच्या भिंतीवर लावा. येणाऱ्या-जाणाऱ्याने आपलं घर त्यावर बोटाने शोधलं की निम्मं काम झालं. मिळकत पत्रिका ऑनलाइनही मिळतात. प्रत्येक सिटी सर्व्हे नंबरची पत्रिका काढून फायलीत लावा. बऱ्याच पत्रिकांवर आजोबा-पणजोबांची नावं अजून तशीच असतात. वारसनोंद राहिली असेल तर तिला आत्ताच लागा. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की पाच वारसांचे पंचवीस होतात आणि एक सही वर्षभर अडते.

मग दारोदार जायचं. प्रत्येक इमारतीचे मजले, मजलावार वापर, बांधकाम लाकडी की भिंतींवर तोललेलं की आरसीसी, जिना कसा, संडास किती आणि कुणाकुणात सामायिक, पाण्याची जोडणी, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे का, हे सगळं लिहायचं. दुकानाच्या बाबतीत क्षेत्रफळाइतकीच रस्त्याकडच्या तोंडाची रुंदी महत्त्वाची असते, ती फुटांत मोजा. पहिल्या फेरीत भाडं किती आणि पागडी किती दिली हे विचारू नका. तो प्रश्न आला की दार अर्धं लागतं आणि पुढची उत्तरंही खोटी मिळतात. विश्वास बसला की लोक आपणहून सांगतात.

दुसरी वही वेळेची. रस्त्याचा नकाशा एकच असला तरी दिवसभरात त्याची चार रूपं होतात. पहाटे दूध, पेपर आणि फुलं येतात. दहानंतर गिऱ्हाईक. दुपारी टेम्पो लागतात, हमाल पाठीवर गाठी घेऊन बोळात शिरतात. संध्याकाळी पथारी आणि गर्दी. रात्री जेवणानंतर कट्ट्यावर माणसं बसतात. रस्त्यावर चार-पाच जागा ठरवून प्रत्येक वेळी अर्धा तास मोजा. चालणारे किती, दुचाक्या किती, मोटारी किती, हातगाड्या किती. एक साधा दिवस, एक रविवार आणि दिवाळीआधीच्या आठवड्यातला एक दिवस घ्या. प्रत्येक टेम्पो कुठे थांबतो आणि माल उतरवायला किती मिनिटं घेतो तेही टिपा. आराखडा करणारे नेमकं हेच विसरतात. कागदावर झाडं आणि बाकं काढलेली असतात, आणि काम झाल्यावर कळतं की कापडाच्या गाठी उतरवायची जागा हीच होती. मग बाकाला टेम्पो घासतो, झाडाचं आळं तुटतं आणि सगळे म्हणतात की लोकांनाच कळत नाही.

त्याच फेरीत दुकानदारांना विचारा, तुमचं गिऱ्हाईक कसं येतं? आणि मग दुकानातून बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारा, तुम्ही कसे आलात? अनेक शहरांतला अनुभव असा की दुकानदार मोटारीने येणाऱ्यांचा आकडा बराच फुगवून सांगतात. त्यात खोटेपणा नसतो. दारात उभी राहिलेली मोटार लक्षात राहते, चालत आलेली माणसं गर्दीत मिसळतात. तुमच्या रस्त्याचे खरे आकडे हाती असले की पार्किंगवरची निम्मी भांडणं मिटतात.

जमिनीखालची माहितीही गोळा करा. कोणत्या चेंबरमधून पावसाळ्यात पाणी वर येतं, कुठे ड्रेनेज तुंबतं, कोणत्या नळाला कधी पाणी येतं, हे इंजिनिअरच्या नकाशापेक्षा तळमजल्यावर राहणाऱ्या आजींना जास्त ठाऊक असतं. पुण्याच्या पेठांखाली पेशवेकालीन कात्रज नळाचे भाग, हौद आणि उच्छ्वास आजही आहेत. खोदकामात असं काही लागलं तर काम थांबवून कुणाला कळवायचं हे आधी लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर रात्रीतून जेसीबी पुढे जातो.

बायकांशी बोलायला वेगळी वेळ काढा, दुपारी तीनची. संध्याकाळच्या सभेला त्या येऊ शकत नाहीत, आल्या तरी मागे बसतात. दुकानात दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या मुली, भाजी विकणाऱ्या बायका, खरेदीला आलेल्या आया, सगळ्यांकडून पहिली मागणी येते ती स्वच्छतागृहाची. कित्येक मोठ्या बाजाररस्त्यांवर बायकांना जाता येईल असं एक धड स्वच्छतागृह नसतं. तुमच्या आराखड्यात त्याची जागा नकाशावर दाखवलेली असली पाहिजे. नुसती ओळ लिहून भागत नाही.

मालक, भाडेकरू आणि मधली गाठ

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा लागेल, कारण जुने रस्ते बहुतेक वेळा इथेच अडतात. भाडं पन्नास-शंभर रुपये, म्हणून मालकाला दुरुस्ती परवडत नाही. दुरुस्ती नाही म्हणून वाडा खचतो. वाडा खचला की नोटीस येते, आणि भाडेकरूला वाटतं की आपल्याला काढण्यासाठीच तो खचू दिला. दोघांचंही बोलणं बऱ्याच अंशी खरं असतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे इमारत दुरुस्त ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. त्याने ते केलं नाही तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त रक्कम वळती करता येत नाही. शंभर रुपये भाडं असेल तर वर्षाला तीनशे रुपये झाले. त्यात एक तुळई बदलत नाही. तेव्हा कायद्याचं कलम माहीत असावं, पण त्याच्या भरवशावर वाडा उभा राहील असं समजू नका. मालक आणि भाडेकरूंनी मिळून खर्च वाटून घेण्याचा लेखी करार करणं हाच व्यवहार्य रस्ता आहे. कराराने कुणाचा हक्क वाढत नाही की कमी होत नाही, असं त्यात स्पष्ट लिहा, म्हणजे दोन्ही बाजूंची भीती जाते.

दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याची. सी-२ च्या दोन पायऱ्यांत कमी-जास्त दुरुस्तीच्या इमारती येतात, सी-३ मध्ये किरकोळ दुरुस्तीच्या. स्ट्रक्चरल ऑडिट एकट्या मालकाने किंवा एकट्या भाडेकरूंनी करून घेतलं तर दोन अहवाल येतात आणि दोन्ही वादात अडकतात. इंजिनिअर दोघांनी मिळून नेमा, फी वाटून द्या. इमारत चांगली उभी असतानाच प्रत्येकाच्या ताब्यातल्या जागेची मोजणी करा, नकाशा काढा, त्यावर मालकाची आणि भाडेकरूची सही घ्या, फोटो लावा. वाडा उतरवल्यावर रिकाम्या भूखंडावर उभं राहून माझी खोली इथे होती असं हाताने दाखवावं लागणं फार वाईट असतं. ती वेळ मी लोकांवर आलेली पाहिली आहे.

जागा सोडण्याआधीचा करार नोंदणीकृतच असावा. नवी जागा किती, कोणत्या मजल्यावर, मधल्या काळाचं भाडं कोण देणार, मुदत किती, मुदत चुकली तर काय. दुकानदारांनी यात एक गोष्ट विसरू नये. दीडशे चौरस फूट तळमजल्यावर रस्त्याला तोंड करून आणि दीडशे चौरस फूट दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला, कागदावर सारखंच दिसतं. धंदा पहिल्या जागेत चालतो, दुसऱ्या जागेत बसतो. म्हणूनच मघाशी तोंडाची रुंदी मोजायला सांगितली.

पेठेतले भूखंड अरुंद आणि खोल असतात. एकट्याने बांधायला गेलं तर जिना, डक्ट, सामासिक अंतर आणि पार्किंग यांतच जागा संपते. सगळ्यांत घातक ते पार्किंग. एकेका भूखंडाने तळमजल्यावर वाहनं ठेवायची ठरवली की दुकानांच्या रांगेच्या जागी गाड्यांची तोंडं येतात आणि फुटपाथ पावलापावलाला कापला जातो. तीन-चार शेजाऱ्यांनी भूखंड एकत्र करून बांधावं आणि वाहनतळ रस्त्याच्या टोकाला सामायिक असावा, ही मागणी रस्त्याने एकमुखाने करायला हवी. पुण्यात मंडई आणि कसबा पेठ ही भुयारी मेट्रो स्थानकं २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली आहेत. जिथे स्टेशन चालत गाठण्याजोगं आहे तिथे प्रत्येक इमारतीच्या पोटात पार्किंग कोंबायचं कारण नाही.

मुंबईत भेंडी बाजारात याहून वेगळा मार्ग धरला गेला. २००९ मध्ये स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने सुमारे साडेसोळा एकरांचा भाग एकत्र विकसित करायला घेतला. मागे एक मोठा विश्वस्त आणि त्याला मानणारा समाज असेल तर ते शक्य होतं. बहुतेक रस्त्यांना असा एकच पालक नसतो. तिथे तीन-चार भूखंडांचे छोटे गट आणि सगळ्या रस्त्याचा एक समान नियम, हेच जमण्यासारखं आहे.

कायद्यातल्या खिडक्या

यात फार खोल न जाता तुम्हाला उपयोगी पडतील एवढ्याच गोष्टी सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ प्रमाणे हरकती-सूचना मागवतात, नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मंजूर आराखड्यात बदल करायचा असेल तर कलम ३७ ची प्रक्रिया आहे, तिथेही हरकती घेता येतात. रस्तारेषा आखायचा अधिकार महापालिकेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० ने मिळतो, आणि त्यासाठीही नोटीस काढावी लागते. ही नोटीस वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येते. रस्त्यावरच्या एखाद्या निवृत्त माणसाकडे रोज ती पाहायचं काम सोपवा. सुनावणीला शंभर जणांनी एकच छापील पत्र दिलं तर ते एक हरकत म्हणून वाचलं जातं. त्यापेक्षा वीस जणांनी आपापल्या मोजणीसह वीस वेगळ्या हरकती द्याव्यात.

केंद्रीय संरक्षित स्मारक जवळ असेल तर १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेली दुरुस्ती पाहा. स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. शनिवारवाड्याभोवतीच्या वाड्यांचं त्रांगडं यातूनच झालं आहे. दुरुस्तीला मात्र परवानगी घेऊन वाट आहे, आणि ती पाडापाडीआधी वापरायला हवी. वारसा यादीत तुमची इमारत कोणत्या श्रेणीत आहे हेही तपासा. श्रेणी तीनमध्ये नाव असलं की सगळं संपलं असा समज लोकांत आहे. तो चुकीचा आहे, त्या श्रेणीत बदलाला बरीच मोकळीक असते.

पथारीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, आणि तो रस्त्याच्या समितीतल्या प्रत्येकाने वाचावा, दुकानदारांनी तर नक्कीच. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. आणखी एक तरतूद फारशी कुणाला माहीत नसते. पन्नास वर्षांहून जास्त काळ चालत आलेले नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं हा कायदा सांगतो. ज्या रस्त्यांवर आजीच्या काळापासून फुलं, फणी-करंड्या, भाजी विकली जाते, त्यांनी जुने फोटो, जुन्या पावत्या, म्हाताऱ्या विक्रेत्यांचे जबाब जमवून ही मागणी करावी. रस्त्याचा वारसा इमारतींइतकाच या बाजारातही आहे.

पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक चालतं. ठरलेल्या मुदतीत क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला की फुटपाथ, दिवे, बाकं अशी छोटी कामं पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येऊ शकतात. मोठ्या आराखड्याची वाट पाहताना ही छोटी कामं पदरात पाडून घ्या. एक काम होताना दिसलं की लोक दुसऱ्या सभेला येतात.

उत्सवाचं गणित

पेठेतल्या रस्त्याची रचना गणपती आणि पालखी डोळ्यांपुढे ठेवूनच करावी लागते. अनंत चतुर्दशीला मंडईपासून निघणारी मिरवणूक लक्ष्मी रोडने अलका चौकाकडे जाते. आषाढीआधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात दोन मुक्काम करतात, एक पालखी भवानी पेठेत, दुसरी नाना पेठेत, आणि पेठांतले रस्ते वारकऱ्यांनी भरून जातात. म्हणून दिव्याच्या खांबाची आडवी दांडी रथाच्या उंचीच्या वर हवी. वाहनं अडवणारे खुंट काढता येतील असे हवेत. भरलेल्या ट्रॅक्टरचं वजन फरसबंदीने पेललं पाहिजे आणि पावसात अनवाणी चालणाऱ्याचा पाय घसरता कामा नये. मंडपाच्या खांबांसाठी फरशीतच झाकणाच्या खाचा ठेवायला सांगा, म्हणजे दरवर्षी पहारीने नवा रस्ता फोडावा लागणार नाही. खर्च किरकोळ आहे, पण तो मूळ निविदेत असावा लागतो.

मंडळांचा उपयोग याहून मोठा आहे. कार्यकर्ते, खोली, खुर्च्या, माईक आणि प्रत्येक घराची ओळख, हे सगळं पेठेत ज्यांच्याकडे आहे अशी संघटना मंडळांशिवाय दुसरी नाही. मोजणीचं काम त्यांच्याकडे द्या. समिती मात्र मंडळापेक्षा रुंद ठेवा. पंधरा जण घेतले तर त्यांत मालक, राहणारे भाडेकरू, दुकानाचे भाडेकरू, पथारीवाले, हमाल किंवा टेम्पोवाले आणि शाळेचं कुणीतरी असावं, आणि निम्म्या बायका असाव्यात. जागांच्या खरेदी-विक्रीत किंवा टीडीआरमध्ये (हस्तांतरणीय विकास हक्कांत) कुणाचा हितसंबंध असेल तर पहिल्याच बैठकीत सांगून टाकावं. सभेचा हॉल आणि चहा बिल्डरकडून घेऊ नये, वर्गणी काढावी.

इतिवृत्ताच्या वहीत विरोधाचीही नोंद ठेवा. १८८६ मध्ये पुण्याची मंडई सुरू झाली, रे मार्केट या नावाने. नगरपालिकेचे सदस्य म्हणून जोतीराव फुले यांनी मंडईवरच्या या खर्चाला विरोध केला होता, पैसा शिक्षणावर खर्चावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं. त्यांचा विरोध आज आपल्याला माहीत आहे, कारण तो त्या वेळी नोंदला गेला. तुमच्या सभेत एकटी पडलेली भाजीवाली काय म्हणाली हेही तसंच लिहिलेलं असू द्या.

आधी करून पाहा

रस्ता कायमचा बदलण्याआधी चुना, बॅरिकेड आणि कुंड्या लावून बदल पंधरा दिवस करून पाहता येतो. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन होतो, त्या दिवशी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद असतो. अशा दिवसाचा उपयोग मोजणीसाठी करा. विक्री किती झाली, हातगाडी कुठे अडली, आजारी माणसाची रिक्षा घरापर्यंत कशी आली, आजूबाजूच्या बोळांत वाहनं किती वाढली. एका दिवसाची गर्दी हौशी असते, म्हणून जमल्यास सलग दोन आठवडे करा.

दिल्लीतल्या चांदनी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला केला. सकाळी नऊ ते रात्री नऊ तिथे मोटारवाहनांना बंदी ठेवली. त्यातून घेण्यासारखं मुख्य म्हणजे माल उतरवण्याची वेळ. दिवसा वाहन बंद करायचं तर घाऊक व्यापाऱ्याचा माल रात्री किंवा पहाटे उतरणार, म्हणजे हमालाची झोप आणि वरच्या बिऱ्हाडाची झोप दोन्ही बदलणार. हे त्या दोघांना विचारून ठरवा. आणि बंदी पाळली जाते का हे पाहायला माणूस कोण ठेवणार, त्याचा पगार कुठून येणार, तेही कागदावर हवं. पहारा सुटला की सहा महिन्यांत दुचाक्या परत येतात.

शेवटी मागणीपत्र. दोन पानांहून मोठं नको, सोबत भिंतीवरचा नकाशा लहान करून जोडा. कामाचा क्रम लिहा: ड्रेनेज, पाणी, वीज आणि केबल आधी, फरशी सगळ्यांत शेवटी, आणि एका वेळी अर्धाच रस्ता खोदायचा. वेळही लिहा. जूनपासून पालखी आणि पाऊस, मग गणपती, नवरात्र, दिवाळी, म्हणजे पेठेत खोदायला जानेवारी ते मे एवढाच काळ मिळतो. त्यासाठी निविदा दिवाळीआधी निघायला हवी. अंदाजपत्रक संपवायच्या घाईत मार्चअखेरीस काढलेल्या निविदेचा खड्डा पावसाळ्यात दुकानाच्या दारात उघडा राहतो. काम झाल्यावर झाडांना पाणी कोण घालणार, फुटलेली फरशी किती दिवसांत बदलणार आणि त्याचं बिल कोणत्या खात्याचं, हेही त्याच पत्रात मागा. पत्र क्षेत्रीय कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि महिन्याने माहिती अधिकारात त्याचं काय झालं ते विचारा.

हरकतींची मुदत महिना-दोन महिन्यांची असते. चारशे मीटरच्या रस्त्याची नीट मोजणी करायला, सुट्टीच्या दिवशी बाहेर पडणाऱ्या दहा-बारा माणसांना तीन महिने लागतात. येत्या रविवारी टेप आणि वही घेऊन आपल्या चौकातून सुरुवात करा.